कुंडीतला विसावा

घरात वाढविलेल्या झाडांना ऋतू नसतो, अशी आपली एक समजूत असते. आपण त्यांना उन्हापावसापासून आडोसा दिला, वेळच्या वेळी पाणी घातले. तेव्हा त्यांनी बारा महिने हिरवेगार राहावे, अशी आपली अपेक्षा. परंतु गॅलरीच्या कठड्यामागे राहणाऱ्या झाडालाही बाहेरचे दिवसमान कळते. आपल्या किनाऱ्यावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. २२ डिसेंबरच्या आसपास तो अकरा तासांवर येतो. पहाटेची हवा गार व कोरडी होते. अशा वेळी काही झाडे वाढ थांबवितात, तर काही चक्क दिसेनाशी होतात.

रंगीत पानांचे कॅलेडियम घ्या. पावसाळ्यात ते ओटीची शोभा असते आणि नाताळच्या सुमारास कुंडीत नुसती माती उरते. मे महिन्यात लाल चेंडूसारखे फुलणारे मे फ्लॉवर, जमिनीतून थेट फूल वर काढणारा भुईचाफा, यांचीही हीच रीत. पहिले मूळचे दक्षिण अमेरिकेतले, दुसरे आफ्रिकेतले, तिसरा आपल्याकडचा. परंतु पाऊस आणि कोरडा काळ आलटून पालटून येणाऱ्या प्रदेशांत तिघेही एकच गोष्ट शिकले आहेत. प्रतिकूल दिवस आले की पानांतले सत्त्व खाली कंदात साठवायचे आणि गप्प राहायचे. म्हणून पिवळी पडू लागलेली पाने घाईने कापू नयेत. ती वाळेपर्यंत कंदाची शिदोरी भरत असते.

बाबा गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आई वसईच्या वाडीतले घर सोडून आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहावयास आली. सामान थोडेच होते; पण पाच कुंड्या मात्र तिने आग्रहाने आणविल्या. डिसेंबर संपता संपता पाचही रिकाम्या दिसू लागल्या. आईही त्याच सुमारास अबोल झाली. जेवण नेमके, बोलणे त्याहून नेमके. नातलग येत, तिला चार ठिकाणी हिंडवून आणा, मन रमेल असे काहीतरी करा, असे सुचवीत. शेजारच्या बाईंनी एकदा कुंड्यांकडे पाहून म्हटले, ‘‘आजी, ही मेलेली झाडं कशाला ठेवलीत? मी नवीन रोपं आणून देते.’’ आई म्हणाली, ‘‘असू देत तशीच. त्यांना आता काही नको आहे.’’

हे उत्तर केवळ झाडांविषयीचे नव्हते, हे मला उमगले. त्यानंतर आम्ही तिला कशासाठीही आग्रह केला नाही. सकाळचा चहा मात्र कोणीतरी तिच्याजवळ बसून घेई.

विश्रांती घेणाऱ्या झाडाचा घात बहुधा प्रेमापोटीच होतो. पान नाही म्हणजे तहान असेल, या कळवळ्याने आपण पाणी घालतो. पण पाने नसलेले झाड पाणी फारसे ओढतच नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, कंदाला हवा मिळत नाही आणि तो कुजतो. खताचेही तेच, न उचललेले क्षार मातीत साचत राहतात. जाड बुंध्याचे अडेनियम हिवाळ्यात पाने गाळते, ते बुंध्यात पाण्याचा साठा करूनच. त्याला या दिवसांत हात आखडूनच पाणी द्यावे. मनीप्लँटसारखी सदाहरित झाडे झोपत नाहीत, पण मंदावतात. वरची माती बोटाला कोरडी लागल्याखेरीज त्यांनाही पाणी नको.

याचा अर्थ पाठ फिरवावी असा मात्र नव्हे. कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी सरकवावी, तिच्यावर नावाची चिठ्ठी लावावी आणि महिन्यातून एकदा माती उकरून कंद हळूच दाबून पाहावा. टणक असेल तर तो जिवंत आहे. मऊ लागला, वास आला, तर सडलेला भाग कापून उरलेला कंद वाचवावा. कॅलेडियमच्या कंदाला हात लावल्यावर हात धुवावेत व तो लहान मुलांपासून दूर ठेवावा. तोंडात गेल्यास जिभेची आग होते. कोंब दिसला की पाणी थोडे थोडे वाढवावे, एकदम नव्हे.

आईच्या पाच कुंड्यांपैकी चार मे महिन्यात उगवल्या. पाचवीतला कंद कुजला होता. तिने ती माती स्वतःच रिकामी केली. तिच्या जेवणाला हळूहळू चव आली, बोलणेही परतले. पण बाबांविषयी ती पूर्वीसारखी मोकळेपणाने कधीच बोलली नाही. काही कंद उगवत नाहीत, हेही आपण मानले पाहिजे.

आपल्या कुटुंबांत काळजी घेणे म्हणजे सतत काहीतरी देणे, असे आपण धरून चालतो. देण्याइतकेच थांबणेही अवघड असते. माणूस नेमका खचला आहे की विसावला आहे, हे दुरून कळत नाही. त्यासाठी जवळ जावे लागते, अधूनमधून हात लावून पाहावे लागतो. मात्र प्रत्येक भेटीत पाण्याचा तांब्या बरोबर असलाच पाहिजे असे नाही.