भाजीला पाणी कोण घालणार?

मुलांनो, सकाळच्या परिपाठाला हिंदीतली ती एक प्रार्थना तुम्ही म्हटली असेलच. देवाला 'मालिक' म्हणून हाक मारणारी. कितीतरी शाळांत ती रोज म्हणतात, आणि स्नेहसंमेलनात तर ती हमखास असते. पण ही प्रार्थना आली कुठून, ठाऊक आहे का? ती आली एका सिनेमातून. आणि त्या सिनेमात प्रार्थना शिकणारे कोण, तर सहा कैदी. साधेसुधे नव्हेत हं, खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले!

सिनेमाचं नाव 'दो आँखें बारह हाथ'. साल १९५७. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आपल्या कोल्हापूरचे. गाणी भरत व्यासांची, संगीत वसंत देसाईंचं. त्या वेळी या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पुढच्या वर्षी जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात त्यानं चांदीचं अस्वल पटकावलं. (हसू नका, तिथल्या बक्षिसाचं नावच तसं आहे.) एवढं सगळं झालं, पण आज प्रार्थना सगळ्यांना पाठ आहे आणि सिनेमा कुणी बघितलेला नाही. आमच्या गावात तर मोठ्या माणसांनीही नाही. "जुना आहे, काळा-पांढरा आहे, तुरुंगाचा आहे," असं म्हणून सोडून देतात.

मला मात्र तो तुरुंगाचा सिनेमा वाटतच नाही. मला तो शेतीचा सिनेमा वाटतो. कसा ते सांगते.

आदिनाथ नावाचा एक तरुण जेलर असतो. ते काम स्वतः शांतारामांनीच केलं आहे. त्याला वाटतं, या माणसांना बेड्या घालून, कोंडून, फटके मारून काही उपयोग नाही. तो वरच्या साहेबांकडून परवानगी काढतो आणि सहा कैदी निवडून एका उजाड माळावर घेऊन जातो. तिथं भिंत नाही, पहारेकरी नाही. आहे काय, तर पडकं घर आणि दगडधोंड्यांची जमीन. ही जमीन कसायची, भाजीपाला पिकवायचा आणि बाजारात नेऊन विकायचा. बस्स. कैद्यांचे हात बारा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे जेलरचे डोळे दोन. म्हणून सिनेमाचं नाव तसं.

आता दुसरा कुणी दिग्दर्शक असता, तर त्यानं मारामाऱ्या दाखवल्या असत्या. इथं आपण काय बघतो? माती. दगड वेचणं, खणणं, घाम. आणि मग आभाळाकडे बघणं. जमीन तयार आहे, पण पाऊस नाही! कोरेगावच्या उत्तर अंगाला, नाहीतर पलीकडे खटाव-माणला ज्यांची शेती आहे, त्यांना हे बघणं काय असतं ते सांगायला नको. मग एकदाचा ढग भरून येतो आणि ती दांडगी माणसं लहान पोरांसारखी चिंब भिजतात. ते गाणं चालू असताना मला आमच्या आळीतला पहिला वळीव आठवतो. सगळे घरातून बाहेर येतात आणि कुणी कुणाला 'आत ये' म्हणत नाही, तसं.

आणि आता खरी गंमत ऐका. ही गोष्ट कुणा लेखकाच्या नुसत्या डोक्यातून निघालेली नाही. ती आपल्याच मुलखात घडली होती.

कोरेगावहून रहिमतपूरमार्गे औंध फार लांब नाही. यमाईच्या दर्शनाला किंवा संग्रहालयाच्या सहलीला तुमच्यातले बरेचजण गेले असतील. हे औंध पूर्वी एक संस्थान होतं. अगदी छोटं, ७२ गावांचं. तेही सलग नव्हे, गोधडीच्या ठिगळांसारखं इकडेतिकडे विखुरलेलं. आज सांगली जिल्ह्यात असलेलं दुष्काळी आटपाडी हे त्यातलंच एक ठिगळ. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे ते हेच. या राजांनी १९३८-३९ साली एक अजब गोष्ट केली. गांधीजींचा सल्ला घेऊन त्यांनी राज्यकारभार आपणहून प्रजेच्या हाती दिला. राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हे या कामात पुढं होते. फ्रिडमन मूळचे पोलंडचे, इंजिनिअर. भारतात आले आणि इथलेच झाले. लोक त्यांना भारतानंद म्हणत.

याच काळात, १९३९ साली, फ्रिडमन यांच्या पुढाकारानं आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत सुरू झाली. भिंती नसलेली. कैद्यांनी तिथं शेती करायची आणि माणसासारखं राहायचं. तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. तुरुंगाचं नाव स्वतंत्रपूर! देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती बरं का.

माझं आजोळ त्याच बाजूचं. लहानपणी सुट्टीत एसटीनं जाताना आजीनं मला खिडकीतून बोट करून दाखवलं होतं, "त्या अंगाला कैदी ऱ्हात्यात." मी घाबरून विचारलं, "भिंत कुठाय?" आजी म्हणाली, "भित न्हाय. पीक हाय की." त्या वेळी मला काही कळलं नाही. आजीला तरी सिनेमा कुठं माहीत होता? तिनं आयुष्यात दोन-तीनच सिनेमे बघितले, तेही जत्रेतल्या तंबूत.

सिनेमाची कथा लिहिली ती ग. दि. माडगूळकरांनी. हो, 'गीतरामायणा'चे गदिमाच. त्यांचं माडगुळं आटपाडी तालुक्यातलं आणि शाळेची काही वर्षं त्यांनी औंधला काढलेली. म्हणजे आपल्या अंगणातलीच गोष्ट त्यांनी जगाला सांगितली. त्यांच्या धाकट्या भावानं, व्यंकटेश माडगूळकरांनी, त्याच मुलखातल्या एका तरुण शिक्षकावर 'बनगरवाडी' लिहिली. मी शिक्षिका असल्यामुळे मला तिच्याबद्दलही पुष्कळ बोलावंसं वाटतं, पण ते पुन्हा कधीतरी.

आता सिनेमात सगळंच छान आहे, असं मी म्हणणार नाही. जेलरसाहेब कधीकधी फारच उपदेश करतात. खेळणी विकणारी चंपा आहे, ते काम संध्या यांनी केलं आहे. तिचे हावभाव आजच्या मुलांना जरा जास्तच वाटतात. आमच्या वर्गात तर ती आली की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. पण रंगाचं म्हणाल, तर शांतारामांना रंगीत सिनेमा काढता येत नव्हता असं नाही. दोनच वर्षं आधी त्यांनी 'झनक झनक पायल बाजे' हा झगमगीत रंगीत सिनेमा काढला होता. त्यानंतर त्यांनी मुद्दाम हा काळा-पांढरा केला. दगड, माती, घामेजलेले चेहरे आणि ते डोळे. यात रंग घालून काय वाढलं असतं, मला तरी सांगता येणार नाही. आणि शेवटाकडची बैलांशी झुंज खोटी वाटत नाही, कारण ती खोटी नव्हतीच. ते चित्रण करताना शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. बरेच दिवस डोळ्यांवर पट्टी होती, दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली होती. 'दो आँखें' काढणाऱ्या माणसाची!

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी हा सिनेमा सातवीच्या वर्गाला दाखवला. शाळेत टीव्हीचा मोठा पडदा आहे, वीजही त्या दिवशी कृपा करून राहिली. पहिला अर्धा तास चुळबूळ. "बाई, फाइटिंग कधी?" असं दोनदा विचारून झालं. भाजी बाजारात गेली तेव्हापासून मात्र वर्ग शांत.

कारण तिथं ओळखीचं काहीतरी सुरू झालं. कैदी आपली भाजी स्वतः विकायला बसतात, रास्त भावात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळतं. मग बाजार ज्याच्या मुठीत आहे, तो व्यापारी खवळतो. त्यातूनच पुढं बैल शेतात घुसवले जातात आणि पीक वाचवताना आदिनाथचा जीव जातो. आमच्या वर्गात घरोघरी आलं, घेवडा, टोमॅटो पिकतो. तुम्हाला माहीत आहेच, इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मानांकन वेगळं आणि आठवडी बाजारात मिळणारा भाव वेगळा. एक मुलगी वडिलांबरोबर बाजाराला बसते. एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "बाई, त्यांनी खून केला तेव्हा त्यांना पकडलं. पण भाजी पाडून मागणाऱ्याला कोण पकडतं?" मी शिक्षिका असूनही माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आजही नाही.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. कुंपण नाही, पहारा नाही, तर ते कैदी पळून का गेले नाहीत? पळायचं त्यांच्या मनात येत होतंच की. हात वर झाले. "साहेब चांगले होते." "त्यांना साहेबांचे डोळे दिसत होते." "शपथ घेतली होती." सगळी उत्तरं बरोबर, सिनेमाही तेच सांगतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण, हात वर न करताच, म्हणाला, "पळून गेले तर भाजीला पाणी कोण घालणार?"

पोरं हसली. मला मात्र आजीचं 'पीक हाय की' एकदम कळलं.

या मुलाबद्दल थोडं सांगायला हवं. आदल्या वर्षी वर्गातली एक कंपासपेटी हरवली आणि नाव त्याच्यावर आलं. सिद्ध काहीच झालं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं कुणाचं खोडरबर दिसेनासं झालं, तरी माना त्याच्याकडे वळायच्या. त्यालाही त्याची सवय झाली होती. तो मागच्या बाकावर बसायचा आणि मधल्या सुट्टीत एकटाच डबा खायचा.

आमच्या शाळेत परसबाग आहे. मेथी, वांगी, दोडका असं पोषण आहारापुरतं लावतो. दिवाळीच्या सुट्टीत तिला पाणी कोण घालणार हा दरवर्षीचा घोळ. पाण्याच्या टाकीची आणि फाटकाची किल्ली कुणाकडे तरी द्यावी लागते. त्या दिवशी मी ती त्याच्याकडे द्यायचं ठरवलं. गावातल्या दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, दुसरं कुणी बघा. शाळेत टीव्ही आहे, सामान आहे." त्यांचं मी ऐकून घेतलं. किल्ली त्यालाच दिली, जोडीला आणखी चारजण, आणि वारांप्रमाणे पाळ्या लावून दिल्या.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वांग्यांना कीड लागलेली होती आणि दोडक्याचा वेल निम्मा वाळला होता. मेथी मात्र तरारलेली. किल्ली माझ्या टेबलावर ठेवत तो सगळ्यात आधी काय म्हणाला असेल?

"बाई, बुधवारवाला एकदाबी आला न्हाय. पुढच्या वेळी त्याचं नाव काढा. बुधवार माझ्याकडं द्या."