जोडीतली दुसरी

थुंकीची डबी देताना मी सगळ्यांना तेच सांगते. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरायची, छातीतून खोल खोकायचं. डबीत लाळ नको, बेडका पाहिजे. आमच्या गावातल्या मावशीनं तीन वेळा डबी भरून दिली, तिन्ही वेळा टीबीचे जंतू सापडले नाहीत. चार वर्षांपूर्वी तिनं सहा महिन्यांच्या गोळ्याही पूर्ण केल्या होत्या. तरी खोकला तसाच. नळापासून घरापर्यंत हंडा आणताना ती आता दोनदा खाली ठेवते.

मी आशा स्वयंसेविका आहे. वरूड तालुक्यातल्या एका गावात बारा-तेरा वर्षं घरोघर फिरते. त्या दिवशी मावशीच्या ओसरीवर बसून फॉर्म भरत होते. वय लिहिलं, वजन लिहिलं. पुढचा रकाना व्यवसायाचा. मी विचारायच्या आत तिचा नवरा, आमचे काका, बोलले, "ते कुठं काम करते? घरीच रायते ना."

मी 'घर' लिहिलं आणि पेन थांबलं. कारण तोंडाला ओला दुपट्टा कसा बांधायचा हे मला याच बाईनं शिकवलं होतं. खदानीवर.

वरूड म्हटलं की लोकांना संत्रा आठवतो. बरोबरच आहे. पण अंबिया बहाराचा तोडा झाला, मृगाचा झाला, की ज्यांच्याकडे बगीचा नाही त्यांच्या हाताला उन्हाळाभर काम नसतं. लग्नानंतर दोन उन्हाळे मी नवऱ्यासोबत गिट्टी खदानीवर गेले. सातपुड्याच्या पायथ्याकडे, कोणाची ते लिहीत नाही. पुरुष सुरुंगानं निघालेले धोंडे घनानं फोडायचे, बाया डबर घमेल्यात भरून ट्रॉलीत टाकायच्या. काही जणी क्रशरच्या पट्ट्याजवळ, चुरीच्या ढिगावर. मजुरी ट्रॉलीमागे आणि जोडीला. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव, पुढे 'जोडी'. एकटी बाई त्याला चालत नसे आणि एकटा पुरुषही. आज हिशेब करते तेव्हा कळतं, दोन उन्हाळ्यांत माझं नाव त्या वहीत एकदाही आलं नाही.

पहिल्याच दिवशी मावशीनं माझा दुपट्टा ओढून काढला. "कोरडा बांधते का वं? ओला कर, पीळ, अन् मंग बांध. कोरड्यातून चुरी आत जाते." मग पाण्याबद्दल सांगितलं, "घोटभरच पी. जास्त पेशीन त जाशीन कुठं?" मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि आम्ही पाणी मोजून प्यायचो. आडोसा म्हणजे एक बाभूळ आणि जुन्या मशीनचा सांगाडा, तोही पुरुषांच्या बिड्या ओढायच्या जागेसमोर. पाळी असली की सकाळी बांधलेलं कापड संध्याकाळी घरीच सुटायचं. उन्हाळी लागणं, लघवीला आग होणं, कळा येणं याला आमच्यात आजार म्हणत नसत. एकीचं तिसऱ्या महिन्यात पडलं. चौथ्या दिवशी ती परत घमेलं घेऊन उभी, कारण ती नाही आली तर जोडी मोडते आणि नवऱ्याचीही रोजी जाते.

माझा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा होता. उभ्या ट्रॉलीखाली चाकाच्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधून त्यात त्याला निजवायचे. सावली तेवढीच. दुपारी दूध पाजायला उचलला की त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या, म्हाताऱ्याच्या असाव्यात तशा. पदराच्या टोकाला थुंकी लावून मी त्या पुसायची. सुरुंग लावायच्या आधी मुकादम शिट्टी वाजवायचा. ती ऐकली की झोळीची गाठ सोडायला वेळ नसायचा. मी दात लावून एक टोक ओढायची आणि पोराला छातीशी धरून ट्रॅक्टरच्या मागे पळायची. मोठी पोरं स्फोट झाला की उलट पुढे धावत. काळ्या दगडाच्या पोटातून निघालेल्या गारगोट्या वेचायला. पांढऱ्या, चमचमणाऱ्या. मावशीच्या पोरीकडे डबाभर होत्या.

त्या गारगोटीचं काय ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सिलिकोसिसबद्दल सांगितलं. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, भोवती वण धरतो, फुप्फुस ताठ होतं. औषधानं ते मागे येत नाही. आणि अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, म्हणून दोन्ही एकमेकांच्या आड लपतात. मी हात वर करून विचारलं, आमच्याकडच्या काळ्या दगडाचं काय? ते म्हणाले, बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते, वाळूच्या दगडाइतका तो घातक नाही. पण गारगोटी म्हणजे सिलिकाच, आणि क्रशर काही गारगोटी वेचून बाजूला ठेवत नाही. शिवाय धूळ कोणतीही असो, वर्षानुवर्षं गेली तर छाती धरतेच. मी दोन उन्हाळे गेले. मावशी बारा वर्षं.

त्याच सुमारास कायद्याचं कळलं. आम्ही तिला खदान म्हणायचो, पण कायद्याच्या लेखी ती खाण होती हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आम्ही काम करायचो तेव्हा 1952 चा खाण कायदा लागू होता. गिट्टीच्या लहान खाणींना त्यातून बरीचशी सूट होती, पण कधी? खोली सहा मीटरच्या आत असेल, माणसं पन्नासच्या आत असतील आणि स्फोटकं वापरत नसतील तेव्हा. म्हणजे मुकादमानं शिट्टी वाजवली की सूट संपली. मग बायांसाठी वेगळा संडास पाहिजे, प्यायचं पाणी पाहिजे, पाच वर्षांनी एकदा मालकाच्या खर्चानं छातीची तपासणी पाहिजे. आणि बाया कामावर असतील तर पाळणाघर. 1966 चे त्याचे वेगळे नियम होते! मला ट्रॉलीखालची झोळी आठवली आणि हसू आलं. रडू यायला पाहिजे होतं बहुतेक.

2019 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं बायांना जमिनीखालच्या खाणीत उतरायला परवानगी दिली. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमती घेऊन, एका वेळी किमान तिघी. तोवर 1952 चा कायदा त्यांना खाली जाऊ देत नव्हता. आमच्या विदर्भातल्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना तर खाण अभियांत्रिकी शिकण्यासाठीच नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं होतं. त्यांचं वाचून बरं वाटलं. पण त्याआधीच्या काळाबद्दल जे वाचलं ते डोक्यातून जाईना. इंग्रजांच्या राज्यात झरियाकडच्या कोळसा खाणींत नवरा कोळसा तोडायचा आणि बायको टोपलीनं वाहायची. तिथेही जोडीच! 1929 च्या नियमांनी बायांना हळूहळू वर काढलं. महायुद्धात कोळसा कमी पडला तशी 1943 मध्ये बंदी उठली, आणि युद्ध सरल्यावर 1946 मध्ये परत लागली. गरज होती तेव्हा बाईचं नाजूकपण कुठे गेलं होतं, हे विचारायला त्या जोडीतली दुसरी कोणाच्या वहीत नव्हती.

वहीत नसणं किती महागात पडतं ते फॉर्म भरताना कळतं. 2016 मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी अडवायच्या स्पर्धेत, वरूड तालुका होता. पहिल्याच वर्षीच्या तीन तालुक्यांपैकी एक. चर खोदताना घमेलं डोक्यावर घेतलेल्या बायांचे तेव्हा किती फोटो निघाले. मावशीही एकात आहे, तो फोटो घरात लावलेला आहे. खदानीवरचा तिचा फोटो नाही, हजेरी नाही, पगाराची चिठ्ठी नाही.

तर त्या दिवशी मी 'घर' खोडलं. त्यावर लिहिलं, 'गिट्टी खदान, 12 वर्षे'. काका म्हणाले, "काहून लिवते बाई, पुढं लफडं होईन." मावशी खाटेवरून म्हणाली, "लिवू दे. घमेलं काय तुमीच उचललं का एकट्यानं?" आणि मग खोकत बसली.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला, जिल्ह्याला पाठवायचं ठरवलं आणि चिठ्ठीवर माझा मजकूर उतरवून घेतला. शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, मला पटतं हो. पण ती तिथं होती याचा काही कागद आहे का?"

मुकादमाकडे मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तो म्हणाला, जुन्या वह्या उधईनं खाल्ल्या. दुसऱ्यांदा घरात पंखा चालू होता, चप्पल दाराशी होती, आणि त्याची सून म्हणाली, ते गावाला गेले. आता सोबत कामावर असलेल्या चौघींकडून लिहून घेते आहे. दोघींनी अंगठा दिला. तिसरी म्हणाली, माझं नाव काहून पायजे तुले, यायचं घे, अन् तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.