कोपीवरून आईला पत्रं

मांजरसुंबा

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

चौकात ट्रॅक्टर थांबलाय, डिझेल भरून झालं की सुटेल. तेवढ्यात चार ओळी लिहून घेते. मागच्या दोन ट्रॉल्यांत सगळी ऊसतोड टोळी बसली आहे. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, ताडपत्र्या, कोपीसाठी बांबू, चार शेळ्या, कोंबड्यांचं खुराडं आणि या सगळ्याच्या मधोमध गोधडीत गुंडाळलेली दोन महिन्यांची पोर. तुझ्या पाटोदा तालुक्यातलीच. गणपती बसले त्या दिवशी जन्मली. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तू अर्धी नोकरी काढलीस तिथंच तिची नाळ कापली गेली. तिची आई वीस वर्षांची आहे, आणि हे तिचं पहिलं बाळंतपण.

निघताना आजेसासूनं पोरीच्या टाळूवर तेल थापलं, गालाला काजळाचं बोट लावलं, कुंची बांधली. वेशीबाहेरच्या सटवाईपुढं लिंबू कापलं. मग बाळंतीण ट्रॉलीत चढली, ती ट्रॅक्टरच्या वाऱ्याकडं पाठ करून बसली आणि पदराखाली लेकीला घेतली. कोणी रडलं नाही. आमच्या पुढं अशा तीन टोळ्या गेल्या होत्या, मागं आणखी येत होत्या. दसरा झाला, दिवाळी झाली की बालाघाटावरची गावं अशीच रिकामी होतात, हे तुला मी काय सांगायचं. मांजरा उगम पावते ती याच तालुक्यात, पण डोंगरमाथ्यावर पाणी ठरत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी तूच आम्हाला सांगायचीस.

सीताफळांची पाटी सोबत घेतली आहे. गाडी सुटतेय.

तुझी लेक


मंगळवेढा

ती. आईस, शि. सा. न.

चौसाळा, येरमाळा, तुळजापूर असं करत रात्रभर आलो. येरमाळ्याला येडाईच्या डोंगराकडं बघून बायकांनी ट्रॉलीतूनच हात जोडले. सोलापूर सोडलं तेव्हा दिवस वर आला होता. आता मंगळवेढ्याबाहेर एका विहिरीपाशी थांबलो आहोत. समोर नजर पोहोचेल तिथवर काळी रानं, नुकती उगवून आलेली ज्वारी. चोखोबांचं गाव हे. बायका चुली मांडतायत, मी पेटीवर कागद ठेवून लिहितेय.

रात्री घाटात थंडी अशी होती की ताडपत्रीच्या खालूनही वारं शिरत होतं. पोर तीनदा उठली. आईनं तिला छातीशीच ठेवली होती, लुगड्याच्या आत, उघड्या अंगाला. हे तिला कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "आशाताईनं सांगितलं व्हतं, थंडीत लेकरू पोटाशी धरायचं." आई, मला तेव्हा तुझी आठवण झाली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवून दाखवलं, बालमृत्यू खाली आणून दाखवले, आणि पुढं त्यातूनच देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या, हे तू किती वेळा सांगितलंस! दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. या पोरीला त्या सहाही भेटी मिळाल्या. रात्री घाटात तिच्या अंगाला ऊब होती ती त्या भेटींमुळं, असं मी मानते.

तिचं कार्ड मी पाहिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवलंय, कारण डबा कधी हरवत नाही. जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ. दीड महिन्याचं पेंटा, रोटा, न्यूमोकोकल, सगळं झालेलं. जन्माचं वजन 2 किलो 600, दीड महिन्याचं 3 किलो 800. पुढचे दोन रकाने कोरे आहेत, अडीच महिना आणि साडेतीन महिना. दोन्ही तारखा उसाच्या फडात येणार.

तू विचारशील, बाळंतिणीला मागं का नाही ठेवली? मीही विचारलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती नाही आली तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम पुरी आगाऊ उचल देत नाही. या जोडीनं लाखाची उचल घेतली आहे, त्यातली बरीचशी बाळंतपणात, बारशात आणि जुन्या देण्यात गेली. हिशेब करून बघ. महाराष्ट्रात जानेवारी 2024 मध्ये मजुरी 34 टक्क्यांनी वाढली, तोडणी आणि भरणीला टनामागं 366 रुपये झाले. त्या दरानं लाख फिटायला पावणेतीनशे टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी दिवसाला दोन टन तोडला, एकही खाडा केला नाही, तर साडेचार महिने. म्हणजे अख्खा हंगाम निव्वळ उचलीपोटी. यात बाळंतपणाची रजा कुठं बसवायची? कायद्यानं 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर आहे. ही पोर ज्या कारखान्याच्या उसासाठी निघाली आहे त्याच्या हजेरीपटावर तिच्या आईचं नावच नाही. नाव आहे मुकादमाच्या वहीत, आणि तेही नवऱ्याचं.

भाकरी झाली. बाळंतिणीसाठी सासूनं वेगळी मेथीची भाजी केली आहे, आणि खारीक-खोबऱ्याची पूड तुपात कालवून दिली. डिंक संपला म्हणाली, सोलापुरात घ्यायचा राहिला.

तुझी लेक


अथणी तालुका, फडावरून

ती. आईस, शि. सा. न.

जतवरून कर्नाटकात शिरलो. गावाबाहेर मोकळ्या रानात तळ पडला आहे. बांबू वाकवून, वर पाचट आणि ताडपत्री टाकून कोप्या उभ्या राहिल्या. बाईमाणूस वाकूनच आत जाईल एवढीच उंची. आमच्या कोपीत पोरीची झोळी बांधली आहे, आजीच्या जुन्या लुगड्याची. झोळीच्या दोरीला लसूण आणि बिब्बा.

आता दिवस कसा जातो ते लिहिते, कारण तुला तेच हवं असेल.

पहाटे चारच्या आधी बायका उठतात. भाकरी थापून, पोरीला पाजून, अंधारातच फडाकडं. पोर सोबत. फडाच्या कडेला तीन ऊस तिवईसारखे रोवून त्यांना झोळी टांगतात, खाली पाचट अंथरतात. राखायला जावेची शाळकरी पोरगी आहे. गावाकडं शाळा चालू आहे, आणि ही इथं झोका देत बसलेली. पाटोद्यात अशा मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहं आहेत. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "हिला तिथं ठिवली तर बारकीला कोन बघंल?" दोन लेकींची भवितव्यं एका झोळीला अशी बांधलेली मी याआधी पाहिली नव्हती.

पुरुष तोडत पुढं जातो, बाई मागून पाचट काढते, वाढं वेगळं करते, मोळी बांधते. दुपारी गाडी लागली की तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ही बाळंतीण पहिल्याच दिवसापासून मोळ्या वाहतेय. बाळंत होऊन अडीच महिने झालेत. सासूनं तिच्या पोटाला लुगड्याची पट्टी घट्ट आवळून बांधली आहे. मधेच छाती भरून येते, चोळी भिजते, तेव्हा ती कोयता खाली ठेवून झोळीकडं पळते. पोर चोखत असताना तिचे डोळे उसाच्या सरीकडं असतात, नवरा किती पुढं गेला ते मोजत. मुकादम आरडाओरडा करत नाही. त्याला गरजच पडत नाही. खाडा झाला तर पैसे कापतात, एवढं सगळ्यांना पाठ आहे.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती पाणी फार कमी पिते. अंगावर पाजणारी बाई, उन्हात राबणारी, आणि दिवसभरात तांब्याभर पाणी. कारण विचारलं तर म्हणाली, उजाडल्यावर आडोसा नाही. तोडलेल्या फडात आडोसा उरतच नाही. दूध कमी पडतं म्हणून सासू पोरीला साखरपाणी चाटवायला निघाली होती, त्याचं मूळ पाण्याच्या या तांब्यात आहे. आणि पुढं जाऊन लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, गावाकडच्या खासगी दवाखान्याची वाट आणि "पिशवी काढून टाका". 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलेला आपल्या जिल्ह्याचा आकडा तुला आठवत असेल. 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या आकड्यातली बाई कुठं घडते ते मी रोज समोर बघतेय. ती विशीत आहे, हातात कोयता आहे आणि तहान लागली तरी ती तांब्याकडं हात नेत नाही.

साखरपाण्याचं मी तुझं नाव घेऊन थांबवलं. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, नर्सबाईंनी सांगितलंय, म्हटल्यावर सासूनं ऐकलं. तुझ्या नावाला अजून वजन आहे. मग आम्ही बायकांनी ठरवून जुन्या ताडपत्रीचा चार बांबूंवर आडोसा केला. तो उचलून फडाबरोबर पुढं नेता येतो. इतकी साधी गोष्ट कारखान्यानं प्रत्येक टोळीला द्यायला काय हरकत आहे? ऊसतोड मजुरांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्याला आपल्याकडचे कारखाने टनामागं 10 रुपये देतात. या पैशातून पहिल्यांदा काय घ्यावं असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, फिरता आडोसा, पाण्याची टाकी आणि तळावर पाळणाघर सांभाळणारी एक पगारी बाई. पण इथला ऊस सीमेपलीकडचा, तो त्या हिशेबात येत नाही.

रात्री गाडी कारखान्यावर गेली तेव्हा मीही गेले. भरलेली ट्रॉली काट्यावर चढली, आकडे उमटले, पावती फाटली. प्रत्येक खेपेला असंच. मी उभी राहून तेच बघत होते, आणि डोक्यात होता पोरीच्या कार्डावरचा कोरा रकाना. तारीख उलटून गेली आहे. वजन दीड महिन्यानंतर झालेलंच नाही. डोळे मोठे वाटतात, मांड्या बारीक. उद्या काहीतरी करते.

तुझी लेक


अथणी तालुका

ती. आईस, शि. सा. न.

झालं! गावातली अंगणवाडी शोधली. तळापासून चालत अर्ध्या तासावर. बाळंतिणीचा खाडा पडू नये म्हणून मी आणि सासू निघालो, पोर सासूच्या काखेत. पण पोरीला दूध कोण पाजणार? शेवटी आईही निघाली. खाड्याचे पैसे कापले जातील ते जातील, म्हणाली. नवरा काही बोलला नाही, आणि त्या दिवशी त्यानं एकट्यानं मोळ्याही बांधल्या. हे मुद्दाम लिहितेय.

सेविका कानडी बोलणारी, पण सीमेवरचं गाव, मराठी समजते. तिनं विचारलं नाही की तुम्ही कुठले, कुणाच्या यादीतले. पोरीला हातात घेतलं, अंगावरचे कपडे उतरवले, काट्यात ठेवलं. 4 किलो 300. आई, दीड महिन्याला 3 किलो 800 होती. पाच आठवड्यांत पाचशे ग्रॅम. तू असतीस तर कपाळाला आठ्या घातल्या असत्यास. सेविकेनंही घातल्या. मग तिनं बाळंतिणीला जवळ बसवून पाजायला लावलं, पोरीचं तोंड नीट धरायला शिकवलं, आणि दर पाजण्याआधी पेलाभर पाणी प्यायला सांगितलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी, बाकी हातांनी. दोघींना सगळं समजलं.

त्याच आठवड्यात तिथल्या नर्सबाईंनी अडीच महिन्याचे डोस दिले. लशी सगळीकडं त्याच, वेळापत्रक तेच, तरीही या तळावरची इतर तीन लेकरं मागच्या हंगामात कोरीच परत गेली होती. आपल्या गावच्या यादीत ती "बाहेरगावी", इथल्या यादीत ती कुणीच नाहीत. त्या तिघांपैकी दोन मुली. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं 807 मुली होत्या. ज्या जिल्ह्यात मुलगी जन्माला येणंच एवढं अवघड, तिथं जन्मलेलीला तरी यादीतून निसटू देऊ नये. नर्सबाईंना मी तळ दाखवायला घेऊन आले, त्यांनी सगळ्या लेकरांची नावं लिहून घेतली. आता त्या साडेतीन महिन्याच्या डोसासाठी तळावरच यायचं म्हणाल्यात, फड गावाच्या हद्दीत असेतोवर.

आता तुझ्याकडचं काम. पाटोद्याला फोन करून आशाताईला एवढं सांग. पहिलं, अडीच महिन्याचे डोस इथं झालेत, नोंद कार्डावर कानडीत आहे, फोटो पाठवते, तिनं आपल्या रजिस्टरमध्ये घ्यावी. दुसरं, मातृवंदना योजनेचा दोन हजारांचा दुसरा हप्ता साडेतीन महिन्याच्या लशी झाल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा तो डोस झाला की कागद अडवून ठेवू नयेत. पोरीच्या आईचं खातं तिच्या स्वतःच्या नावावर आहे, मी पाहिलंय. तिसरं, गोवराचा डोस नऊ महिने भरल्यावर, म्हणजे जूनमध्ये. तोवर टोळी गावात असेल. आणि तू स्वतः एकदा जाऊन पोरीला काट्यात ठेव. मी आल्यावर तुला घेऊन जाईन, पण आधी जमलं तर जाच.

डिंक आणि हाळीव पाठवता आले तर बघ. पुढच्या आठवड्यात आणखी एक गाडी पाटोद्याहून निघणार आहे, ड्रायव्हरचा नंबर फोनवर कळवते.

तुझी लेक