गोड शब्द, कडू हिशेब

'शुगर डॅडी' हा शब्द हॉस्टेलमध्ये सगळ्या हसत हसत वापरतात. वयाने बराच मोठा, पैसेवाला पुरुष खर्च उचलणार, ती सोबत देणार. दोघेही सज्ञान, दोघेही राजी. मग प्रॉब्लेम काय?

आधी शब्दच बघा. इंग्रजीत 'शुगर', मराठीत 'ठेवलेली'! ठेवणाऱ्याला मात्र शिवी नाही. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सुप्रीम कोर्टानेही 'कीप' म्हटलं. पैसे देऊन मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा नोकरासारखी ठेवलेली स्त्री असेल, तर ते नातं लग्नासारखं नाही. म्हणजे २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण तिला नाही. इंदिरा जयसिंग यांनी त्या शब्दावर आक्षेप घेतला होता.

तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये रंगमंचावर आला. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना सखाराम छप्पर देतो, जेवण देतो. पटलं नाही तर खुशाल जा म्हणतो. किती फेअर! पण त्यांनी जायचं कुठे?

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. संमती म्हणजे एक स्विच. ऑन करता येतो, तसा ऑफही करता आला पाहिजे.

आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून मुली शिकायला येतात. २०२४-२५ पासून सरकारने व्यावसायिक कोर्सेसच्या पात्र मुलींची फी माफ केली, हे फार बरं झालं. पण मेस आणि रूमभाडं उरतंच. नीतीचं लेक्चर मला द्यायचं नाही. एवढंच विचारते, उद्या 'नको' म्हणाली, तर परवाचं जेवण तिच्या स्वतःच्या पैशाचं असेल ना?