तारेवरचा आकडा

विट्याकडून करोल बागेत आलेल्या आमच्या गलाईवाल्यांच्या घरात धग डोळ्यांनीच ओळखतात. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं. बाबा मात्र रसाच्या रंगावरून सांगतात. त्यांच्या आजारपणानंतर गच्चीत शेगडीवर कोंबडी भाजताना मला आकडा लागतो: मांसाच्या गाभ्यात ७४. तापमापकाची बिनतारी सळई सुटसुटीत, पण धातूच्या झाकणाखाली तिचा संदेश क्षीण होतो. म्हणून गफार मार्केटमधून तारेची आणली. झाकणाखालून निघालेली ती बारीक तार बघत बसते. आतलं कळतंय, याचा केवढा धीर! बाबांच्या छातीतलं असं कधी कळलं नव्हतं. उतरवल्यावरही आकडा थोडा चढतो, बाहेरची धग आत मुरत असते. तो कुठे थांबतो हे मला बघायचं असतं. बाबा ताट घेऊन बसलेले असतात.