बांधावरच्या गारा

ओतूरजवळ गाडी थांबवावी लागली. पुढचं दिसेनासंच झालं. भाड्याच्या कॅराव्हॅनच्या टपावर ताशा कडाडावा तशा गारा. मग एकदम शांत. दार उघडलं तर रस्ता, बांध, बाभळीखालची माती, सगळं पांढरं. एप्रिलात! माळशेज चढून आल्याला तासही झाला नव्हता.

चाळिशी उलटलेली आम्ही माणसं ओंजळी भरभरून एकमेकांच्या पाठीत गारा टाकत सुटलो. एक मोठी गार मी सुरीनं चिरली. आत कांद्यासारखी वलयं. ढगातला वर चढणारा वारा तिला तोलून धरतो, थरावर थर साचतो. भार पेलेनासा झाला की सोडून देतो. ही किती वेळ वर राहिली असेल?

बांधापलीकडे एक आजोबा कांद्याच्या आरणीवर उडालेला कागद पुन्हा ओढत होते. आम्ही ओशाळून थांबलो. कागदाचं एक टोक मी धरलं. ते म्हणाले, "खेळा की. आत्ता इरघळंल."

खेळ मात्र पुन्हा जमला नाही. अर्धी गार फ्रिजच्या खणात ठेवली होती. नारायणगावला मुक्कामी पोचलो, तरी खण उघडावासा वाटला नाही.