मरीझेचा मफलर

डिसेंबर सरता सरता जपानमधली बायकांची फुटबॉल लीग थंडीच्या सुट्टीवर जाते, ती मार्च उजाडल्यावर परत येते. मधले दोन-अडीच महिने मला शनिवार-रविवार खायला उठतात. टोकियोत निशी-कासाईला राहायला येऊन नऊ वर्षं झाली. तिथे गणपती बसतो, भाजणी मिळते, मराठी बोलायला माणसं मिळतात. पण लीग बंद असली की घरात कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटतं. यंदा ठरवलं, हंगाम परतेल तो दिवस सेंदाईला काढायचा. सामना मला टोकियोतही बघता आला असता. पण बंद पडलेला खेळ परत सुरू होणं म्हणजे काय, हे सेंदाई ज्या तोहोकू भागात आहे तिथल्या लोकांना जितकं कळतं तितकं आम्हा राजधानीकरांना कळत नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पहिला दिवस पावसात गेला. मात्सुशिमाची बेटं राहिली, किल्ला राहिला, त्याची हळहळही वाटली नाही.

युआटेक स्टेडियम सेंदाईच्या उत्तर टोकाला आहे, भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापाशी. बांधलंय ते फुटबॉलसाठीच. मधे धावपट्टी नाही, त्यामुळे प्रेक्षक मैदानाच्या अगदी कडेला बसतात. बसायची सोय जवळजवळ वीस हजारांची, आणि त्या दिवशी आम्ही असू दीड-दोन हजार. बायकांचा खेळ पाहायला लोक येत नाहीत हे माझं कायमचं दुःख आहे आणि ते मी जपानी मैत्रिणींपाशी वारंवार बोलून दाखवते. पण रिकाम्या गॅलरीत एक गोष्ट मिळते, जी भरल्या मैदानात मिळत नाही. खेळाडूंचे आवाज ऐकू येतात. गोलकीपर सारखी ओरडत असते, ‘उशिरो! उशिरो!’ मागे बघ, मागे बघ. लांब पास पायावर आला की आधी ‘थप्’ असा ओला आवाज येतो, मग बुटाखालचं गवत खरवडल्याचा. दोन महिन्यांनी तो ‘थप्’ कानावर पडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाहुणा संघ सैतामाकडचा होता. यजमान मायनाव्ही सेंदाई. वारं असं बोचरं की हातमोज्यातली बोटं बधिर झाली. शेजारी एक आजी बसल्या होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांनी माझ्याकडे न बघताच थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि पुढे केला. भाजलेल्या पानांचा तपकिरी होजिचा. मी दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी विचारलं, कुठली? म्हटलं, भारतातली. त्यांनी मान हलवली, ‘न्दा’. तोहोकूतला हा होकार मला फार आवडतो. टोकियोचं ‘हाय’ कसं इस्त्री केलेलं वाटतं. ‘न्दा’ म्हणजे आमच्याकडचं ‘व्हय’.

त्यांच्या गळ्यात एक जुना मफलर होता. जपानात प्रेक्षक क्लबच्या नावाचे टॉवेल-मफलर गळ्यात घालतात, तसलाच, पण विरलेला, कडांची शिवण परत हाताने घातलेली. तो त्यांनी लांबीत मधोमध दुमडला होता. वर एकच शब्द दिसत होता, ‘मरीझे’.

मी चहा तसाच हातात धरून बघत राहिले. मरीझे हा क्लब आता नाही. २०११ पासून नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. जपानमधली बायकांची लीग १९८९ साली सहा संघांवर सुरू झाली. सुरुवातीची बरीच वर्षं संघ चालायचे ते कंपन्यांच्या जिवावर. कुणी हॅम विकणारी कंपनी, कुणी वीजसामान बनवणारी, कुणी शेअरदलालीतली. कंपनीचे दिवस फिरले की संघ गुंडाळला जायचा. निक्को सिक्युरिटीजचा संघ १९९६ ते १९९८ अशी लागोपाठ तीन वर्षं विजेता ठरला आणि तिसरं विजेतेपद घेऊन बंदच झाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली होती. मरीझेही असाच कंपनीचा संघ, टोकियोला वीज पुरवणाऱ्या तेप्कोचा. फुकुशिमातल्या जे-व्हिलेजच्या मैदानांवर तो खेळायचा. नाव जोडलेलं होतं दोन इंग्रजी शब्दांतून, मरीन आणि ब्रीझ: समुद्रावरचा वारा. खेळाडू कंपनीत नोकरीही करायच्या. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, दाइइची अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली आणि मरीझे त्या वर्षी लीगमध्ये उतरलाच नाही. पुढे क्लब मिटला. २०१२ मध्ये सेंदाईच्या व्हेगाल्टा क्लबाने त्या मुलींना जागा दिली, खालच्या लीगपासून त्यांनी परत सुरुवात केली. समोर धावत होता तो संघ त्याच मुळाचा, आताच्या व्यावसायिक वी लीगमधला.

त्यामुळे त्या मैदानात तो मफलर घालून बसणं म्हणजे पणजीचं नाव घेऊन नातीला हाक मारण्यासारखं होतं. आणि दुमडलेल्या अर्ध्या भागात आत काय होतं हेही मला ठाऊक होतं. कंपनीचं नाव. घडी सुटू नये म्हणून त्यांनी दोन जागी बारीक टाके घातले होते. कारण मी विचारलं नाही.

मध्यंतरात त्यांनी डबा उघडला. उमेबोशी घातलेले दोन ओनिगिरी आणि चार झुंदा मोची. थंडगार भात मला आजवर कधी आवडलेला नाही, गरम भातावर तूप घालून वाढलेली मी. पण आत लपलेलं ते खारट-आंबट फळ दाताखाली आलं की जुन्या लिंबाच्या लोणच्याची आठवण होते. झुंदा मात्र मी पहिल्यांदाच खाल्लं. सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा उकडून, दाणे वाटून, साखर घालून केलेली हिरवीगार चटणी मोचीवर जाड थापलेली. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लातूरला मैलोगणती सोयाबीन पिकतं. त्यांनी विचारलं, मग तुम्ही झुंदा कसं करता? म्हटलं, करत नाही, सगळं वाळवून तेलगिरणीला घालतो. आजी खरोखर कळवळल्या. ‘कोवळं कुणीच खात नाही?’ असं त्यांनी दोनदा विचारलं आणि उरलेल्या दोन्ही मोची माझ्याकडे सरकवल्या.

मग, जपानी माणूस हमखास विचारतो तो प्रश्न आला. तुमच्याकडे भूकंप होतात का?

या प्रश्नाला मी एरवी ‘फारसे नाही’ म्हणून बगल देते. त्या दिवशी दिली नाही. सांगितलं, माझं गाव किल्लारीपासून चार कोसांवर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारचा सुमार. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. आमची घरं दगड-मातीची, वर मातीचं जड माळवद, तेच खाली आलं. मी नऊ वर्षांची होते. माळवद, गणपती हे शब्द मला जपानीत आणता येईनात, हाताने दाखवलं. त्यांना कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘शाळा कधी भरली?’

मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. किती गेले, घरातलं कोण गेलं, हे सगळे विचारतात. मी सांगितलं, पत्र्याच्या शेडात भरली. पाट्या नव्हत्या, फळा नव्हता. गुरुजींनी पहिल्या दिवशी काय केलं, तर दोन लाकडं रोवली आणि आम्हाला खो-खो खेळायला लावलं. एका बाजूला सात मुलीच भरत होत्या, तेवढ्यांवरच डाव सुरू केला. आमच्या आज्जीने रस्त्यावरून ते बघितलं, तिथेच मातीत बसली आणि डाव संपेपर्यंत उठली नाही.

आजी बराच वेळ मैदानाकडे बघत होत्या. खेळ परत सुरू झाला होता. मग त्या सांगू लागल्या. तोमिओकाला त्यांचं भाजीचं दुकान होतं. मरीझेच्या मुली दिवसा कचेरीत, संध्याकाळी सरावाला. परतताना मुळा आणि हिरवा कांदा न्यायच्या. एक मुलगी रोज पैसे सुटे नाहीत म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी न चुकता आणून द्यायची. गाव सोडायला सांगितलं तेव्हा आजी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या. मफलर कोटाच्या खिशात होता म्हणून राहिला. सेंदाईत मुलाकडे आल्या. त्या जुलैत, पहाटे, मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांनी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला.

मीही पाहिला होता, पुण्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरून होमारे सावाने बरोबरी साधली आणि अमेरिकेला पेनल्टींवर हरवून जपान जगज्जेता झाला. पण आजींच्या लेखी मोठा सामना तो नव्हताच. त्यांचा सामना आठ दिवस आधीचा, यजमान जर्मनीविरुद्धचा. त्याआधी प्रशिक्षक नोरिओ सासाकींनी मुलींना त्सुनामीची दृश्यं दाखवली होती. जादा वेळेत एकमेव गोल केला तो कारिना मारुयामाने. ती पूर्वी मरीझेत खेळलेली, दाइइचीच्या केंद्रात काम केलेली. आजी म्हणाल्या, ‘टीव्हीवर जपान, जपान म्हणत होते. मी म्हटलं, आमच्याकडची आहे ती.’ ‘आमच्याकडची’ म्हणताना त्यांनी मफलर घट्ट धरला.

सामना संपला. मुली रांगेने आमच्या बाजूला आल्या, कमरेत वाकल्या. आजी उभ्या राहून वाकल्या, मीही वाकले. निघताना मी सांगितलं की उद्या जे-व्हिलेज बघायला जाणार आहे. त्या थबकल्या. तिथे त्या परत कधी गेल्या नव्हत्या. ‘वारा कुठून येतो बघ,’ म्हणाल्या. ‘पूर्वी समुद्राकडून यायचा.’

दुसऱ्या दिवशी जोबान लाइनने दक्षिणेकडे निघाले. हा मार्ग नऊ वर्षं तुटलेला होता, मार्च २०२० मध्ये सलग सुरू झाला. नामिए, फुताबा, मग तोमिओका. स्टेशनं नवीकोरी, काचेची. त्यांच्या पलीकडे मधेच नवी वस्ती आणि मधेच नुसती गवताळ चौकोनं, जिथे पायऱ्या आहेत आणि घर नाही. पुनर्वसनाची आमच्याकडची गावंही मला अशीच परकी वाटायची. सरळ रेषेत आखलेली, पार नसलेली. तोमिओकाला मी डब्याच्या दारापर्यंत गेले, फलाटापलीकडे भाजीचं दुकान कुठे असेल ते शोधलं. गाडी दोन मिनिटांत सुटली.

जे-व्हिलेज ही जपानमधली पहिली राष्ट्रीय फुटबॉल प्रबोधिनी, १९९७ सालची, तेप्कोनेच बांधून फुकुशिमा प्रांताला दिलेली. २००२च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा मुक्काम इथेच होता. दुर्घटनेनंतर वीस किलोमीटरवरच्या केंद्राकडे जाणारी कामगारांची फौज इथून निघायची. हिरवळीवर खडी टाकून गाड्या लावल्या होत्या, स्टेडियममध्ये कामगारांच्या तात्पुरत्या खोल्या उभ्या केल्या होत्या. २०१९च्या एप्रिलपासून सगळं पुन्हा खेळासाठी खुलं झालंय. मी वाकून गवतात बोटं घातली. दाट, ओलं, मुळं घट्ट धरलेलं गवत. खाली कधी खडी होती असं त्यात काही सापडेना.

एका मैदानावर शाळकरी मुलींचा सराव चालला होता. गोलकीपर तेच ओरडत होती, ‘उशिरो!’ एका बाजूला हिरोनोच्या औष्णिक केंद्राची उंच चिमणी, तिच्या डावीकडे पाण्याची करडी पट्टी. चिमणीतून निघालेला पांढरा धूर आत, डोंगरांकडे कलला होता. मी जीभ ओठावरून फिरवली. खारट लागली.

तिथल्याच बाकावर बसून मी फोनवर सेंदाईचा पुढचा घरचा सामना शोधला आणि तिकीट काढलं, त्याच गॅलरीतलं. या खेपेला थर्मास मी नेणार आहे, आलं घातलेल्या चहाचा. मध्यंतराची वाटही बघणार नाही. बसल्या बसल्या आजींना सांगायचंय, वारा अजून समुद्राकडूनच येतो.